धर्माचा तास

बिडकीन,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८७३

चि. सौ. भानूस,

अक्काचे तोंडभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड परवा पोचलं. माझ्या गोदूला पाचवीत घेतलंस, आता माझा जीव भांड्यात पडला. इथली मुलींची शाळा चौथीपुढं जात नाही आणि पोर घरात बसून माझ्यासारखी कडवट झाली असती. ती झोपेत दात खाते, घाबरू नकोस. दुधावरची साय दिसली की नाक मुरडते, तिकडं लक्ष देऊ नकोस. सदाशिवरावांना म्हणावं, तुमच्या कचेरीतल्या उर्दू कागदांची मराठी करून झाली की जरा बायकोच्या स्वैपाकाचीही करा. तुझी आमटी अजून कोणत्या भाषेत असते कोण जाणे!

आता मुद्द्याचं. तू मुख्याध्यापिका आहेस त्या कन्याशाळेत यंदापासून रोज धर्माचा तास सुरू होतो आहे, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुला ठाऊक नसेल, पण संस्था चालवणाऱ्या नानासाहेबांना त्यासाठी मीच लिहिलं होतं. आपण निजामाच्या मदरशात, सरकारी शाळेत, होतो तो जमाना आठव. मुसलमान मुलींना दीनियातचा, त्यांच्या धर्माचा तास, आणि आपल्याला नुसतं नीतीचं, अखलाकचं पुस्तक. खोटं बोलू नये, वडिलांचं ऐकावं. आपला म्हणून देव नाही, आपली म्हणून गोष्ट नाही. आता राज्य बदललं. गोदूचे बाबा पोलीस ॲक्शनच्या जेमतेम महिनाभर आधी गेले. तीन वर्षं होतील. कशापायी गेले, ते त्यांच्या मुलीला शाळेत तरी कळू दे. मला सांगता येत नाही.

माझी गुडघेदुखी तशीच. तुम्हा तिघांवर माझी सावली आहेच, तुमचीही माझ्यावर असू द्या.

दमयंती

०

औरंगाबाद,
७ जुलै १९५१

ती. अक्कास,

भानूचा वाकून नमस्कार. वि. वि.

गोदू मजेत आहे. साय खाते. तू लाडावली होतीस, दुसरं काही नाही. आमटीबद्दल हे म्हणाले की मजकूर कठीण आहे, पण सवयीनं लागतो.

धर्माचा तास सुरू झाला. व्यंकटशास्त्री शिकवायला येतात. राजाबाजारात पुराण सांगतात ते. मनानं फार भले आहेत, आणि आवाज असा की पट्टी आपटूनही न ऐकणाऱ्या मुली त्यांच्या पहिल्या शब्दाला गप्प होतात. गोदूला गीतेचा अध्याय भराभर पाठ होतोय.

पण अक्का, माझं मन थाऱ्यावर नाही. शाळेत मूठभर मुसलमान मुली आहेत. गोदूच्या बाकावरच राबिया नावाची मुलगी बसते. तिचे वडील तहसिलीत पेशकार होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, आता शहागंजात एका कापडदुकानात हिशेब लिहितात. पुढं सगळं मराठीत चालणार म्हणून मुलीला त्यांनी आपल्याकडं घातलं. या मुलींनी तासाला काय करावं, असं मी नानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बसू द्या, चांगलंच कानावर पडेल. मी म्हणाले, सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला नव्या घटनेप्रमाणे पालकांच्या मर्जीशिवाय कोणाला धर्म शिकवता येत नाही. त्यावर त्यांनी माणूस पाठवून घरोघरच्या दस्तखती आणवल्या. सगळ्यांत आधी कोणाच्या आल्या असतील? मुसलमान पालकांच्या. नानासाहेब हसून म्हणाले की बघा बाई, तुम्हालाच उगाच काळजी.

हे म्हणतात, त्या माणसांपुढं आज कोणताही कागद धरला तरी ते दस्तखत करतील. भ्यालेल्या माणसाची मर्जी ती कसली मर्जी? तुला उत्तर सुचलं तर लिही.

गुडघ्याला एरंडाचं पान बांध. रागावलीस तरी पत्र टाकायला विसरू नकोस.

तुझी भानू

०

बिडकीन,
आषाढ वद्य दशमी

चि. सौ. भानूस,

आशीर्वाद. वि. वि.

रागावलेच आहे, म्हणून उत्तराला इतके दिवस लावले.

त्यांची मर्जी नीट विचारली की नाही, याची तुला रात्रंदिवस काळजी. माझी मर्जी कोणी विचारली होती, भानू? माझ्या कपाळाचं कुंकू पुसलं तेव्हा कोणाचा माणूस दारी आला होता दस्तखत मागायला? चार श्लोक कानावर पडले तर ती पोर काही बाटत नाही. आपण नाही का उर्दूत गणित शिकलो? आपलं काय गेलं?

सदाशिवराव शहाणे आहेत, पण त्यांच्या घरातलं कोणी गेलेलं नाही. हे मी वाईट अर्थानं लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपला गडी कडूबा शेतातली भेंडी घेऊन सोमवारच्या बाजाराला तिकडं येईल, त्याच्याबरोबर कुरडया आणि गोदूचं पांघरूण पाठवते. कडूबाला जेवू घाल, तो मागणार नाही.

माझ्या बोलण्याचा राग आला तर धाकटेपणानं गिळून टाक.

दमयंती

०

औरंगाबाद,
१९ सप्टेंबर १९५१

प्रिय आईस,

गोदूचा नमस्कार. वि. वि. असं लिहायचं असतं असं मावशी म्हणाली.

पांघरूण मिळालं. परवा सतरा तारखेला शाळेत झेंडा लावला आणि पेढे वाटले. मग धर्माच्या तासाला शास्त्रीबुवांनी मला पुढं बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सगळ्या मुलींना बाबांची गोष्ट सांगितली. रझाकारांनी बाबांना वाटेत अडवलं, धर्म सोड म्हणाले, सोडलास तर जिवंत जाशील. बाबा म्हणाले, माझी मान घ्या, पण माझा धर्म देणार नाही. मग त्यांनी गोळी घातली. शास्त्रीबुवांचा आवाज लई भरून आला होता. मुली रडल्या. मी पण रडले, पण मला छान पण वाटलं.

मग सगळ्या मुली राबियाकडं बघायला लागल्या. मी पण बघितलं. ती खाली बघत होती. मधल्या सुट्टीत मुली म्हणाल्या, तू तिच्याजवळ कशी बसतेस? मग मी राबियाला म्हटलं, तू दुसरीकडं बस. ती दप्तर घेऊन मागं जाऊन बसली. आज ती आलीच नाही.

आई, तू मला ही गोष्ट कधी का नाही सांगितलीस? आणि बाबांना राबियाच्या अब्बांनी मारलं का? मावशीला विचारलं तर तिनं हातातलं काम टाकलं आणि मला जवळ घेतलं, पण नीट सांगितलं नाही.

माझ्यावर आहे तेवढीच माया राहू दे.

तुझी गोदू

०

बिडकीन,
भाद्रपद वद्य सप्तमी

चि. सौ. भानूस,

आशीर्वाद.

गोदूचं पत्र आलं. तू ते वाचून पाकिटात घातलंस की न वाचता, ठाऊक नाही. पक्ष चालू आहे, उद्या यांची तिथी. तांदूळ निवडायला घेतले आणि तसेच सुपात राहिले.

तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. त्या श्रावणात गोदूला हिवताप होता. तिसऱ्या दिवशी डोळे फिरवायला लागली. वाटा बंद होत्या, कोणी गाव सोडत नव्हतं. मी यांना जाऊ नका म्हटलं नाही. हे पैठणला दवाखान्यात औषध आणायला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबा दारात उभा राहिला. म्हणाला, बाई, मालक वाटंत पडल्यात, म्या गाडी आणतो, तुमी येऊ नका. सदऱ्याच्या खिशात औषधाची बाटली होती. फुटली नव्हती. यांना अंगणात ठेवलेलं असताना मी आत जाऊन गोदूला त्यातला एक घोट दिला. पोर वाचली.

रझाकारांची टोळी त्या दिवशी त्या वाटेनं गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी यांना काय विचारलं, यांनी काय उत्तर दिलं, की काही न विचारताच गोळी घातली, हे कोणालाही ठाऊक नाही. मला नाही, कडूबाला नाही. मग शास्त्रीबुवांना कुठून ठाऊक?

आणि खरं सांगू? गोदूच्या पत्रात ती गोष्ट वाचली तेव्हा मला ती आवडली. मी पुन्हा पुन्हा वाचली. हे असं म्हणाले असतील, असं वाटून घेतलं. हे तसे भित्रे होते गं. विंचू दिसला तर मला हाक मारायचे. तरी वाटून घेतलं. मग खालची ओळ आली, की राबियाच्या अब्बांनी मारलं का.

गोदूला औषधाचं सांगितलं नाही, कारण पोर जन्मभर म्हणेल की माझ्यापायी बाबा गेले. शास्त्रीबुवांची गोष्ट तिला सोसेल. पण ती त्या दुसऱ्या पोरीला सोसत नाही, असं दिसतं. मी काय करू?

दमयंती

०

औरंगाबाद,
२ ऑक्टोबर १९५१

ती. अक्कास,

वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ऐकून हे अंगणात जाऊन उभे राहिले, बराच वेळ आत आले नाहीत.

राबियाची आई येऊन नाव काढून गेली. माझ्याशी फार अदबीनं बोलली. कोणाची तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली की घरी काम फार आहे, मुलीची मदत लागते. मी तिला थांबवायला काही बोलणार, तर तीच मला म्हणाली की बाई, आपण तकलीफ घेऊ नका. माझ्यासाठी तिला वाईट वाटत होतं, अक्का.

मी नानासाहेबांकडं गेले. म्हटलं, तास बंद करा, निदान ती गोष्ट खरी नाही असं वर्गात सांगू द्या. ते म्हणाले, खरी नसेल हे तुम्ही कशावरून म्हणता? ते यंदा निवडणुकीला उभे आहेत. मार्गशीर्षात स्नेहसंमेलन आहे, त्यात तुझा सत्कार करायचा आणि धर्माच्या तासाला भाऊजींचं नाव द्यायचं असं त्यांनी ठरवलं आहे. तुला आमंत्रण येईल. यायचं की नाही ते तू ठरव. मी तुला काही सांगणार नाही.

मी धर्माच्या वाईटावर नाही, हे तू जाणतेस. संध्याकाळी गोदूला देव्हाऱ्यापुढं मीच बसवते, शुभं करोति म्हणून घेते. पण तेव्हा ती माझ्या मांडीला टेकलेली असते. कंटाळली तर उठते, प्रश्न पडला तर माझी वेणी ओढते. वर्गात तसं कुठं असतं? तिथं मोठ्या माणसानं सांगितलेलं सगळं परीक्षेत लिहायचं असतं.

गोदू हल्ली पाठांतरात अडखळते. दिवाळीला तिला घेऊन जायला कडूबाला पाठव. तू जवळ असावीस असं फार वाटतं.

तुझी भानू

०

बिडकीन,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सौ. भानूस,

आशीर्वाद. वि. वि.

गोदूला सांगितलं. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, मग दोघी शेतावर गेलो आणि बांधावर बसून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, मला ताप आला नसता तर? मी म्हटलं, तर ते आणखी कशाला तरी गेले असते, घरात बसणारा माणूस नव्हता. ती म्हणाली, तुला नक्की ठाऊक आहे का? मी म्हटलं, नाही.

मग ती म्हणाली, म्हणजे बाबा माझ्यासाठी गेले, धर्मासाठी नाही. पोरीला औषध आणणं हाच बापाचा धर्म, असं छान उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण शास्त्रीबुवांनी दिलं असतं तसलं ते उत्तर होतं. मी गिळलं. म्हटलं, व्हय, तुझ्यासाठी. ती रडली. खूप रडली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कडूबाला जाऊन विचारलं, बाबा कुठं पडले होते ते दाखव. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी हो म्हटलं. दोघं जाऊन आली. निजताना तिनं हात माझ्या गळ्यात टाकला.

नानासाहेबांना आजच कळवलं आहे. नक्कल तुला लिहिते:

“माझी मुलगी गोदावरी हिला धर्माच्या तासाला बसवण्यास मी राजी नाही. तिच्या वडिलांच्या मरणाची शाळेत सांगितलेली हकीकत आम्हा घरच्यांना ठाऊक नाही, तेव्हा ती कोणालाच ठाऊक असू शकत नाही. त्यांचं नाव तासाला देऊ नये. सत्कारास मी येणार नाही. हा तास मीच मागितला होता, तो मीच माझ्या मुलीपुरता परत करते.”

राबियाच्या आईला नाही म्हणता आलं नाही. मला म्हणता येतं. माझ्यावर रागवायची कोणाची हिंमत आहे? या पांढऱ्या कपाळाचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.

याचा भार तुझ्यावर येईल, हे कळतं मला. मोठ्या बहिणीला माफ करायचं झालं तर हसून कर.

दमयंती

०

बिडकीन,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

चि. सौ. भानूस,

आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते.

काल दुपारच्या मोटारीनं व्यंकटशास्त्री आले. एवढे म्हातारे, धुळीनं माखलेले, ओट्यावरच बसले. पाणी दिलं तर भांडं नुसतं हातात धरून राहिले. नानासाहेबांनी एका बैठकीत ती हकीकत सांगितली होती, म्हणाले. मान देईन पण धर्म देणार नाही, हे शब्द मात्र त्यांचे स्वतःचे. म्हणाले, बाई, पन्नास वर्षं पुराण सांगतोय, तुम्ही पाहिलं होतं का असं मला आजवर कोणी विचारलं नाही.

मी भांडायच्या तयारीत होते. भांडताच आलं नाही. मी विचारलं, मग आता मुलींना काय शिकवाल? ते म्हणाले, तेच कळेनासं झालंय. देवळात पुराण सांगतो तेव्हा ज्याला पटत नाही तो उठून चपला घालतो. वर्गातून कोणाला उठता येत नाही. म्हणून तिथं मी म्हणेन ते खरं होत जातं, आणि मला ते बरं वाटायला लागलं होतं.

वर्गात जाऊन आपली हकीकत खरी नव्हती असं सांगू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सांगा. मग ते पाणी प्यायले. ते गेल्यावर मी दार लावलं आणि यांच्यासाठी रडले. नुसतं यांच्यासाठी, तीन वर्षांत पहिल्यांदा.

गोदूला शास्त्रीबुवांवर दात धरू देऊ नकोस. माझं मन तुम्हा सर्वांपाशीच आहे, तिथंच ठेवून घ्या.

दमयंती

०

औरंगाबाद,
१३ जानेवारी १९५२

ती. अक्कास,

भानूचा वाकून नमस्कार. वि. वि.

निवडणुकीच्या गडबडीत टपाल उशिरा मिळतं, शिवाय चांगलं काही लिहायला हाती येईल म्हणून मीही थांबले होते. अर्धंच आलं.

शास्त्रीबुवांनी वर्गात सांगितलं. खुर्चीवर न बसता उभ्यानं सांगितलं. काही मुलींना ते कळलं, काहींना जुनी गोष्टच जास्त आवडते. एकीनं गोदूला तोंडावर म्हटलं की तुझे बाबा नुसतेच मेले. गोदू म्हणाली, हो, औषध घेऊन येत होते. मला हे शिपाईबाई द्वारकाबाईनं सांगितलं, गोदूनं नाही. शास्त्रीबुवा त्यानंतर शाळेत आले नाहीत.

तुझा कागद गावभर झाला. आणखी बऱ्याच पालकांनी आपापल्या मुलींची नावं त्या तासातून काढली, कोणी तुझ्याकडं पाहून, कोणी संस्थेवरच्या जुन्या रागानं. शेवटी कमिटीनं ठराव केला की धर्माचा तास शेवटच्या घंटेनंतर, ज्यांना हवा त्यांच्यासाठी. बंद झाला नाही. नवे गुरुजी आले आहेत, दहा-बारा मुली बसतात, त्यांना गोडी आहे असं दिसतं. मी त्यात पडत नाही. नानासाहेबांनी मला बोलावून सांगितलं की संस्था येत्या जूनसाठी दुसऱ्या मुख्याध्यापिकेच्या शोधात आहे. मी बरं म्हणाले. घरी येऊन भांडी जरा जोरात घासली. हे म्हणाले की आता आमटीत सुधारणा होईल. मी हसले नाही, मग हसले.

गेल्या रविवारी गोदूनं हट्टच धरला, म्हणून तिला घेऊन राबियाच्या घरी गेले. तिच्या आईनं दारातच विचारलं की काही चुकलं का. मी म्हटलं, आमचंच चुकलं. मग आत बसवलं, सतरंजी अंथरली, चहा केला. वडील घरात होते, पण पडद्यापलीकडून बाहेर आले नाहीत. नुसती खोकल्याची चाहूल लागत होती.

गोदूनं घरून काय बोलायचं ते घोकून आणलं होतं. तिथं गेल्यावर सगळं विसरली. एवढंच म्हणाली, माझ्या बाबांना कोणी मारलं ते आम्हाला ठाऊक नाही. मी तुला उठवलं ते वाईट केलं. राबियानं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाली, त्या दिवशी घरी येऊन मी अब्बांना विचारलं होतं, तुम्ही मारलं का म्हणून.

अक्का, तेव्हा पडद्यापलीकडचा खोकला थांबला. राबियाची आई उठून आत गेली. आपल्या गोदूनं तुला जे विचारलं, तेच त्या पोरीनं आपल्या बापाला विचारलं होतं. त्यानं काय उत्तर दिलं, ते मी विचारू शकले नाही.

आई बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, मुलीला पुन्हा पाठवा, आता तास शाळा सुटल्यावर असतो, कोणावर सक्ती नाही. तिनं शांतपणे विचारलं, पुढच्या साली पण असंच राहील, असं आपण लिहून द्याल का? मी काय लिहून देणार? जूनपासून मी तिथं नाही. खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मग राहू द्या.

निघताना दोघी मुली दारात उभ्या होत्या. हलत नव्हत्या. टांग्यात बसल्यावर गोदूनं विचारलं, मावशी, आपण इथं परत कधी यायचं? मी म्हटलं, त्यांनी बोलावलं की.

तेव्हापासून रोज शाळेतून आली की ती आधी मला विचारते. अजून बोलावणं आलेलं नाही.

थंडी आहे, गुडघे झाकून बस. आमच्यावर रागावत राहा, म्हणजे तू आहेस हे कळत राहतं.

तुझी भानू